मोगऱ्याच्या हंगामात परदेशी

१८ मे, मखमलाबाद

तिकिटं आली! निकिताला इंग्लंडात जाऊन चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात लेक बोलावते आणि दर उन्हाळ्यात ह्यांचं एकच — "मळा कोण बघंल?" यंदा मात्र ऐन मोगऱ्याच्या हंगामात स्वतःहून म्हणाले, "जाऊन येऊ." मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

जेवताना मुलाने, ज्ञानेशने, परत तोच विषय काढला. मोगऱ्याचे वीस गुंठे सपाट करून लग्नाचं लॉन करायचं. जागा रस्त्याला लागून आहे, फुलांत आता काय राहिलंय, वगैरे. मी तोंडावर सांगितलं — चौदा वर्षांपूर्वी एकेक कलम माझ्या हाताने लावलंय, मी आहे तोवर हात लावू देणार नाही. हे भाजी चिवडत म्हणाले, "आल्यावर बघू." बघू! ह्यांचं 'बघू' मला छत्तीस वर्षं पाठ आहे. आल्यावर भांडण आहे, तयारीत राहायचं.

२२ मे

आज निघालो. बहिरूला पाणी, तोडणी, पंचवटीतल्या बाजाराची वेळ — सगळं दोनदा सांगितलं. ह्यांना नाना, मला वहिनी म्हणत वीस वर्षं आमच्याकडे राबतोय, तरी सांगितलं. मान खाली घालून नुसता "व्हय वहिनी, व्हय वहिनी." डोळे भरलेले. वेडाच आहे, मी काय कायमची चाललेय?

२४ मे, न्यूकॅसल

पोहोचलो. काय गारठा! ह्यांनी अख्ख्या प्रवासात टोपी काढली नाही. झोपेतसुद्धा नाही.

२७ मे

समुद्र बघितला. आपल्या दाभोळ-बिभोळसारखा नाही, करडा आणि रागावलेला. कडे सरळ पाण्यात उतरलेले. खडकांवर सील नावाचे प्राणी पडले होते, पन्नास तरी असतील. जावई मनोज माहिती सांगत होते, त्यांचं वजन किती, खातात काय. हे मध्येच म्हणाले, "त्या कडंच्या सीलला बघा. जेवण झाल्यावर आमची रंगूबाई!" स्वतःची सख्खी बहीण! मी हसून हसून खाली बसले. फोटो काढलाय. रंगूबाईंना दाखवायचा नाही.

१ जून

बोटीने बेटावर गेलो. तिथे पफिन असतात. लाल चोच, पांढरं पोट, चालणं वरातीतल्या बँडवाल्याचं. निकिता म्हणाली, ते जमिनीत बीळ करून राहतात, आणि नवरा-बायको दर साली त्याच बिळात परत येतात. मी म्हटलं, "बघा. त्याला समुद्रावरून घर सापडतं, तुम्हाला उशीखालचा चष्मा सापडत नाही."

पुढे खरी गंमत! दुसरे पांढरे पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडी घालून बसलेले. जवळ गेलं की उडून थेट डोक्यावर चोच. सगळे टोप्या सावरत पळत होते. ह्यांच्या टोपीवर चार वेळा टकटक! मग हे मळ्यात नाग दिसल्यावर जोडतात तसे हात जोडून उभे — "जातो बाई, जातो. तुझं काय बी घेत नाय." लोक फोटो काढायला लागले. मी म्हटलं, पळा की! तर म्हणाले, "मारू दे. जागंला हात लावला तर चोच बसनारच. तिचं बरोबर हाय."

आणि मग परतताना बोटीच्या टोकाला एकटेच जाऊन बसले. लाडू पुढे केला, तोही घेतला नाही. चार चोचींत माणूस एवढा खचतो?

३ जून

मोगरा बघावासा वाटतोय. म्हटलं, बहिरूला व्हिडिओवर घ्या. हे म्हणाले, "तिकडं रेंज नाय." सलग चौथा दिवस. ज्ञानेशचा फोन मात्र व्यवस्थित लागतो — अंगणात जाऊन, पाठ करून बोलतात. मळ्यातलं काय बोलतात विचारलं, तर "हवापान्याचं."

५ जून

आज किनाऱ्यावर ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत! थंडीमुळे, म्हणे.

७ जून

खोटं कशाला लिहू, मला इथे फार आवडलंय. तो समुद्र, ते येडे पक्षी, हे असे मोकळे. पण पहाटे चारला जाग येते आणि बोटं गोधडीवरच कळ्या खुडायला लागतात. आज म्हटलं, आता घरी जाऊ. तर हे — मळ्याबाहेर दोन दिवस न राहणारे हे! — म्हणाले, "अजून आठ दिस ऱ्हाऊ का?" निकिता म्हणाली, बाबांना इंग्लंड चढलं. मीही हसले. तिकीट काही बदलू दिलं नाही.

१० जून, मखमलाबाद

मोगरा नाही. फाटकापासून विहिरीपर्यंत मुरूम, वर रोलर फिरवलेला.

ज्ञानेश घराबाहेर आलाच नाही. बहिरूने सांगितलं, "तुमी गेल्या अन् तिसऱ्या दिशी जेसीबी आला, वहिनी. नानांनी आदीच हो सांगितलं व्हतं. वहिनीच्या डोळ्यादेखत नको, म्हनले."

हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी काढली. डोकं पुढे केलं. "मार."

माझा हात उठला नाही. उद्या पहाटे चारला जाग येईल, तेव्हा उठून मी कुठे जायचं तेवढं ह्यांनी सांगावं.