निघण्याआधी घटकाभर

प्रिय ग्लेब,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पत्राची सुरुवात शिवीनं करू नये असं आई सांगायची, म्हणून लिहिलं.

माझ्या शिष्याला, साव्वाला, माझ्या पाठीमागे फोन करताना तुला लाज कशी वाटली नाही रे? मला विचारायचंस. पेर्मच्या या स्केटिंग रिंकचा नंबर तुझ्या वेळचाच आहे. त्याला म्हणालास म्हणे, तुझी स्केटिंगची जोडीदारीण ताया थोराड झाली, तिला डोक्यावर उचलून तुझी पाठ मोडेल, मॉस्कोला ये, इथे चिमणीएवढी पोरगी तयार ठेवलीय. अरे, पंधरा वर्षांची पोर वाढणार नाही तर काय करणार? ती काय बाजारातला भोपळा आहे, हातात तोलून बघायला?

आपली जोडी होती तेव्हा, त्या शेवटच्या हिवाळ्यात मीही अशीच वाढले होते. तुझ्यासाठी काळ्या चहावर आणि काकडीवर दिवस काढले, तरी हाडं ऐकेनात. आणि एका सकाळी बूट बांधून बर्फावर आले, तर तू नाहीस. भिंतीवरची तुझी खुंटी रिकामी. आपले कोच सेम्योन इल्यिच मान खाली घालून उभे. आपल्याकडे शेजारच्या गावाला जाणारा माणूससुद्धा निघण्याआधी घटकाभर गप्प बसतो. तू तेवढंही बसला नाहीस. पुढे तुझी पदकं मी टीव्हीवर पाहिली. मला उचलणारा दुसरा कोणी मिळालाच नाही, म्हणून मग पोरांना शिकवायला लागले.

खरं तेही सांगते. बर्फावर तू मला कधी दगा दिला नाहीस. ‘पोरगी निसटली तर आधी तू खाली पड,’ हा सेम्योन इल्यिचांचा पहिला धडा. माझ्यापायी तुझं कोपर मोडलं. म्हणूनच जास्त संताप येतो. बर्फावर माझ्याखाली पडणारा माणूस जमिनीवर बाजूला कसा सरकला? तो धडा मी पोरांना तुझं नाव घेऊन शिकवते. तुझा फोन आला तेव्हा साव्वा हरखूनच गेला. मी आतून धुमसत होते, पण अडवलं नाही. उलट त्याच्या प्रवासासाठी खिम्याच्या छोट्या करंज्या, आपल्या पोसिकुंचिकी तळल्या.

आज संध्याकाळी तो बॅग घेऊन निरोप घ्यायला आला. रडून ताया लालबुंद झालेली. रीतीप्रमाणे आम्ही तिघं बाकावर बसलो. मग मी उठले, ताया उठली. तो उठेना. गाडी सुटेल, म्हटलं. तर म्हणतो, “रिम्मा पाव्लोव्ना, ही वाढली तर मी ताकद वाढवीन. तिला छोटी करण्यापेक्षा ते सोपं.” आणि बॅगेतून स्केट्स काढून बांधायला लागला. तायानं त्याला हातमोजा फेकून मारला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या मी पुसल्यासुद्धा नाहीत.

तेव्हा उद्या तू फलाटावर त्याला घ्यायला येशील, तर तो उतरणार नाही. त्याच्या डब्यातली अटेंडंट ल्युबा तुला हे पत्र आणि एक पुडकं देईल. ते द्यायलाच मी धावत स्टेशनवर आलेय, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितेय. पोसिकुंचिकी तुझ्यासाठी नव्हत्या, पण खा. फक्त त्याआधी तिथल्याच बाकावर घटकाभर गप्प बस. तीस वर्षांपूर्वी बसायचं राहिलंय तुझं.

एके काळी तुझीच,
रिम्मा