टेलरचं अजिंक्यपद

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही भलतेच आतल्या गाठीचे निघालात! पूल या काठी-बॉलच्या खेळातल्या विसरलेल्या विजेत्यांवर मी पुस्तक लिहितेय हे ठाऊक असून गप्प बसलात. काल जुन्या पूल-हॉलची वही चाळते, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या अजिंक्यपदापुढे तुमचं नाव! हरलेले कोण, तर तुमच्या तेव्हाच्या गल्लीतले टेलर. मामीलाही पत्ता नव्हता. तिला फक्त ऐन थंडीत कोपरापर्यंत बाह्या दुमडून हिंडणारा नवरा माहीत.

एक अख्खं प्रकरण तुमच्यावर लिहिणार. फोटो पाठवा.

लोभ मागत नाही, तो हक्काचाच आहे.
तुमची चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळणार नाही, आणि प्रकरणही लिहू नकोस. कारण ऐक.

शेवटचा डाव. दोघांचाही फक्त काळा बॉल उरलेला, तोही कडेला चिकटून. मारायच्या पांढऱ्या बॉलपर्यंत पोचायला मी त्याच्यावरून ओणवा झालो, तेव्हा माझी बाही लागून काळा तसूभर सुटला. अवघड होता तो सोपा झाला. पंचाला दिसलं नाही. अशा वेळी खेळाडूने स्वतःच फाउल म्हणायचं, हा आमचा दंडक. टेलरला दिसलं होतं. तो बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत थांबला. मी क्यूच्या काठीला खडू घासत बसलो, मग मारला आणि जिंकलो. त्यानंतर त्याने खेळ सोडला, मी बदली मागून घेतली.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय! पूर्ण बाही घातली की अजून मनगटाला काहीतरी गार टेकतं. दाढी करताना, जेवताना, तो समोर उभा असतो, वाट बघत. मला भीती वाटते गं.

तुझ्या मनातून उतरलो नसेन अशी आशा.
मामा


२ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

टेलर दोन वर्षांपूर्वी गेले. दुकान आता मुलगी चालवते, तिला भेटून आले. त्यांनी बघितलं होतं हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमचा तो शर्ट त्यांनीच शिवलेला, आणि बाही अर्धा इंच लांब झालेली. आपल्याच शिलाईच्या चुकीवर कसं जिंकायचं, म्हणून ते गप्प राहिले. पुढे जन्मभर प्रत्येक बाही दोनदा मोजायचे. शेवटच्या आजारात म्हणायचे, त्याला कुणीतरी सांगा, चूक माझी होती.

पुस्तक छापायला जातंय. नाव कुणाचं घालू?

उतरला नाहीत मनातून. तब्येतीला जपा.
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

विजेता म्हणून त्याचं नाव घाल. फाउल लपवणारा म्हणून माझं, गाळू नकोस. मामीला सगळं सांगितलं.

काल दुपारी इथल्या हॉलवर गेलो. टेबल रिकामं होतं. त्याच्यापाशी उभा राहून मोठ्याने फाउल म्हणालो, मॅनेजर दचकला. फाउल झाला की पांढरा बॉल समोरच्याच्या हातात द्यायचा असतो. मी बॉल उचलून हात पुढे धरला, दुखेपर्यंत धरला. चाळीस वर्षं तो समोरून हलला नव्हता, आणि काल तिथे कुणीच नव्हतं.

एवढं वाचूनही लोभ उरला असेल, तर राहू दे.
मामा