साडेतीन किलोची रंगीत तालीम

ती. दादास,

साष्टांग नमस्कार घालायचा विचार होता, पण सध्या पाठ रजेवर असल्यामुळे उरलेल्या अंगांनी जमेल तेवढा केला आहे, तो गोड मानून घ्यावा. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझा रक्तदाब तू दिवसातून तीनदा मोजतोस असं ती म्हणाली. इतकं लक्ष मिळालं तर कुणाचाही दाब वाढेल. इकडे अप्पा बरे आहेत, म्हणजे तक्रारी करताहेत. ज्या दिवशी तक्रार करत नाहीत त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी काहीही लिहिलं तरी तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतोस. अप्पा बाथरूममध्ये पडले तेव्हा अंगठा, डॉक्टरांनी त्यांना फार वेळ एकटं ठेवू नका म्हणून सांगितलं तेव्हा अंगठा, आणि मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा दोन अंगठे. (आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे तुला आठवत असेल.) एकदाच काय तो तू भरभरून बोललास. लॅपटॉप मोठा घेऊ की लहान, एवढं मी विचारलं आणि तासाभरात तुझा चौदा रकान्यांचा रंगीत तक्ता आला. त्यात पडद्याची लांबी होती, पंख्याचा आवाज होता, बटणांखालच्या दिव्यांचे रंगसुद्धा होते. वजनाच्या रकान्यात मात्र तू 'फरक किरकोळ' असं लिहिलं आहेस. दादा, तू निवृत्त होईपर्यंत तुझी बॅग गाडीत ठेवायला माणूस होता. किरकोळ हा शब्द उचलणाऱ्याने वापरायचा असतो.

तरी प्रश्न सोपा नाही, हे मान्य. मोठा लॅपटॉप म्हणजे अख्खी इमारत आतून-बाहेरून फिरवून दाखवतो आणि त्याला धाप लागत नाही. पण चार्जरसकट साडेतीन किलो. (त्या चार्जरला चार्जर म्हणणं म्हणजे विटेला बटण म्हणण्यासारखं आहे.) लहानाचं वजन जेमतेम सव्वा किलो, पिशवीत टाकला की विसरायला होतं, पण चार मजल्यांचा नकाशा उघडायला सांगितला तर आधी विचार करतो, मग पुन्हा विचार करतो, आणि शेवटी तीन मजले दाखवतो. दुकानातल्या विक्रेतीने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, कॉलेजसाठी. तिने विचारलं, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, मुलगी. (यात खोटं काही नाही. मी कुणाची तरी मुलगी आहेच.) मग तिने अगदी साधं विचारलं, "ती रोज घेऊन जाणार आहे, का घरी टेबलावरच ठेवणार?" घरी विचारून सांगते, असं म्हणून मी बाहेर पडले. घरी कुणाला विचारणार होते, ते मलाच ठाऊक नाही.

आता आमच्या ऑफिसची एक रीत तुला सांगायला हवी, कारण पुढचं रामायण तिच्यामुळे झालं. कागदावर कितीही पटलं तरी कुठलीही गोष्ट आधी खऱ्या मापात करून बघायची, असा साहेबांचा दंडक आहे. लोकांची स्वयंपाकघरं आम्ही आधी जमिनीवर चिकटपट्टीने आखतो आणि पुठ्ठ्याच्या ओट्यापाशी उभं राहून खोटाखोटा स्वयंपाक करतो. बावीस वर्षं ही सवय लागल्यावर दुसरं काय सुचणार? मी मोठ्या लॅपटॉपच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा केला, त्यात ऑफिसातल्या नमुन्याच्या आठ टाइल्स बसवल्या आणि चार्जर म्हणून दाराचं एक पितळी कुलूप टाकलं. काट्यावर बरोबर साडेतीन किलो. हे ओझं आठवडाभर खांद्यावर वागवायचं, जमलं तर मोठा, नाही तर लहान. पहिल्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आला. चौथ्या दिवशी साहेब फिकट निळी टाइल शोधत अख्खं ऑफिस पालथं घालत होते आणि मी ती पायाशी ठेवून त्यांच्याबरोबर शोधत होते.

पाचव्या दिवशी प्रवेशाच्या कागदांवर सही करायला कॉलेजात जायचं होतं. शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाते. बसने एक तास आणि नंतर ब्याण्णव पायऱ्या. (लिफ्ट आहे, पण तिच्यात खुर्च्या ठेवल्या आहेत.) दारावरच्या रखवालदाराला बॅगेच्या उघड्या चेनमधून टाइल्स दिसल्या. म्हणाला, "टाइल्सवाल्या ना? चौथा मजला, बायकांचं बाथरूम. कधीची वाट बघतायत." मी विद्यार्थिनी आहे म्हणून सांगितलं. त्यावर तो इतका मनापासून हसला की क्षणभर मलाही ते पटेना. कारकुनाची खिडकीही चौथ्याच मजल्यावर होती, तेव्हा वाद न घालता चढले. वर गवंड्याने पुढे होऊन खांद्यावरची बॅग उतरवून घेतली. त्या क्षणी तो मला देवमाणूस वाटला. मग त्याने ती उघडली. "तीन दिवस काम अडवून ठेवलंत, आणि आणल्या किती, तर आठ? त्याही आठ रंगांच्या? बाई, इथे बाथरूम करायचंय, गोधडी नाही शिवायची."

खरं तर इथेच मी खुलासा करून खिडकीकडे जायला हवं होतं. पण नजर जमिनीकडे गेली. दादा, उतार उलटा होता! पाणी जायची जाळी एका कोपऱ्यात आणि जमिनीचा कल दाराकडे. बावीस वर्षं मी नकाशांवर उताराचे बाण काढते आहे. समोर उलटा उतार दिसल्यावर पुढे जाणं म्हणजे तू तिरका टांगलेला फोटो तसाच सोडून देण्यासारखं. मी सांगितलं, त्याने ऐकलं नाही. "पाणी जातं बाई आपोआप, त्याला अक्कल असते." तेव्हा मी बादलीभर पाणी ओतलं. पाण्याने जाळीकडे ढुंकून पाहिलं नाही. ते शहाण्यासारखं दारातून बाहेर पडलं, वऱ्हांड्यात वळलं आणि माझ्याआधी कारकुनाच्या खिडकीपाशी पोचलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी पाय वर घेतले आणि खिडकी बंद झाली. मग गवंडी जरा नरमला. दोरी आणली, उतार तपासायची पाणसळ आणली, आणि आम्ही दोघांनी मिळून पाऊण तास नवा उतार आखला. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही इंजिनियर का?" मी म्हटलं, नाही, नकाशे काढते. त्याने विचारलं, मग सही कुणाची असते? मी म्हटलं, साहेबांची. "हां," एवढंच म्हणाला आणि पाणसळ पुसायला लागला.

त्या 'हां'वर मी बराच वेळ विचार करते आहे. शहरातल्या चाळीसेक इमारतींमधले जिने मी आखले आहेत. माणसं त्यांवरून चढतात-उतरतात, कुणी धडपडत नाही, याचं मला बरं वाटतं. पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या सहीच्या चौकटीत माझं नाव यायचं तर कॉलेजची ही तीन वर्षं करायला हवीत. हे मला पंचविशीत कळायला हवं होतं. तेव्हा आई आजारी होती. नंतर कुणी ना कुणी काही ना काही होतं. (ही तक्रार नव्हे. तक्रारींचं खातं अप्पांकडे आहे.)

परतीच्या बसमध्ये मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली आणि ती तुझ्यापासून लपवत नाही. खिडकी बंद झालेली पाहून मला हायसं वाटलं होतं. सही राहिली म्हणजे सध्या काही ठरवायला नको. ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर. दुपारी मी येते, अप्पांना जेवायला वाढते, तेवढ्यात दोन शिव्या खाते आणि परत जाते. कॉलेज लागलं की मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी सात घरात ते एकटे. आणि मोठा लॅपटॉप का आवडतो, तेही तेव्हाच कळलं. जे उचलवत नाही त्याच्यासाठी घरी राहावं लागतं. मी पडद्याची लांबी बघतच नव्हते, दादा. मला घरी थांबवून ठेवेल असं काहीतरी मी दुकानात शोधत होते, तेही हप्त्यांवर.

घरी आल्यावर अप्पांना सगळं सांगितलं. बाथरूमपर्यंत ते हसत होते. मग म्हणाले, "मोठा घे. छान आहे. म्हणजे उद्या कुणी विचारलं का नाही शिकलीस, तर सांगता येईल, लॅपटॉप जड होता. माझं नाव मात्र घेऊ नकोस. मी तुला थांब म्हटलेलं नाही." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र वर केलं. ते उलटं धरलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

तर असा सगळा घोळ आहे. तू यंत्रांतला जाणता, घरातला थोरला. तेव्हा दोन्ही बाजूंचा नीट विचार करून, हवा तर आणखी एक रकाना वाढवून, मोठा घ्यावा की लहान हे शुक्रवारच्या आत कळवावंस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : लॅपटॉप काल घेतला. लहान. अवजड नकाशे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर करायला साहेबांनी परवानगी दिली आहे. (टाइल परत मिळाल्याच्या आनंदात ते होते, तेवढ्यात विचारून घेतलं.) तेव्हा शुक्रवारचं ते राहू दे.

आणखी ता. क. : सहीसुद्धा आज सकाळी केली. कारकुनाने मला ओळखलं आणि आधी पाय वर घेतले.

आणखी एक, आणि हेच खरं लिहायचं होतं : वर्ग येत्या मंगळवारपासून आहेत. पहिला आठवडा समोरच्या शिंपीणकाकू येऊन-जाऊन बघतील. त्यांना स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे पुढे जमणार नाही. तुझ्या चौदा रकान्यांत 'अप्पांजवळ कोण' हा रकाना नव्हता. तू मार्चमध्ये निवृत्त झालास. इथवर यायला दोन तास लागतात. दर मंगळवारी आणि गुरुवारी तू येशील का? सल्ला नको. तू ये. नाही म्हणायचं असेल तर फोन करून, तोंडाने म्हण.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे.)

चि. थोरल्यास आशीर्वाद. हे पाकीट पेटीत टाकायला तिने माझ्याकडे दिलं. कोपऱ्यापर्यंत अजून मला एकटं सोडते. एकतीस वर्षं पोस्टात काढली, कुणाचं पाकीट उघडलं नाही. आता पेन्शनीत आहे, तेव्हा उघडलं. मला सोबतीची गरज नाही, हे आधी ध्यानात घे. ती येऊन जेवायला वाढते ते तिच्या समाधानासाठी मी चालवून घेतो.

पडलो तेव्हा ती ऑफिसात होती. पाच मिनिटांत उठलो, असं मी तिला सांगितलं आहे. दीड तास होतो. फरशी फार गार असते. हे तिला कळता कामा नये, नाही तर जायची नाही.

सकाळी नऊची बस धर, अकराला इथे पोचशील. जेवायला मी वाढीन.