आईच्या मापाचा ड्रेस

९ जानेवारी

सापडला! रंगकामासाठी कपाट सरकवायचं होतं म्हणून वरची बॅग मी उतरवली. आत जुनी पांघरुणं, आणि अगदी तळाशी आईचा निळा ड्रेस. भिंतीवरच्या फोटोत घातलाय तोच! गळ्याला पांढरी पट्टी, पुढे बटणं, आतून अस्तर.

बाबा खाली रंगवाल्याशी हुज्जत घालत होते. मी ड्रेस गुपचूप माझ्या पिशवीत कोंबला. स्वतःच्या घरात चोर! पण बाबांना आत्ता दाखवायचा नाही. आईचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघतात. "चांगली होती गं," म्हणतात आणि चहा मागतात. इतक्या वर्षांत याच्या पुढे गाडी गेलेली नाही.

मी वर्षाचीही नव्हते तेव्हा आई गेली. साध्या तापाचं निमित्त. जुन्या घराचं छप्पर गळलं त्यात फोटो गेले, हा एकच वाचला. हातातली पिशवी पोटाशी धरून उभी आहे, गाल गुबगुबीत, हसतेय. आमच्या दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही.

१० जानेवारी

दार लावून घालून बघितला. खांदे बरोब्बर! शिवण माझ्या खांद्याच्या टोकावरच येऊन बसली. पण खांद्याखाली सगळा आनंद. छातीत ढगळ, आणि कमरेत तर माझ्यासारखी अजून एक मावेल.

दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत एक फिकट रेघ आहे. वर्षानुवर्षं घडीत पडून राहिल्याची. इस्त्री फिरवली, जाईना.

ठरलं. मेच्या शेवटी आमचं नोंदणी लग्न. त्या दिवशी मी हाच ड्रेस घालणार. कपाटाशेजारच्या आरशात आज माझ्याऐवजी दांडीवर वाळत टाकलेलं कापड दिसत होतं. मेमध्ये तिथे आई दिसली पाहिजे. बाबांना, आणि मलाही.

११ जानेवारी

मी पोटापाण्यासाठी काय करते? लोकांचे कपडे मापात आणते! सैल असेल तर आवळते, घट्ट असेल तर सोडते. हा ड्रेस मला दुपारच्या सुट्टीत आवळून घेता येईल. पण नाही. याला कात्री लावायची नाही. या वेळी कपडा नाही, बाई मापात येणार.

दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया असते तेवढाच कपडा सुटतो. माणसाचंही तसंच असतं बरं." मी म्हटलं, "बघाच तुम्ही."

१३ जानेवारी

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "काय गं, अजून तशीच चिपाड! बाप बघ कसा दणदणीत, आई फोटोत कशी भरलेली. तू गेलीस तरी कोणावर?"

लहानपणापासून हा प्रश्न. हसून सोडून देते. घरी येऊन आज मात्र रडले. बाबांसारखी मी नाही, हे आरसा सांगतो. आईसारखी नाही, हे फोटो सांगतो. मग मी कोणाची? ती कशी चालायची, कशी रागवायची, मला काही माहीत नाही. निदान अंगकाठी तरी तिची मिळाली असती! तेवढंही नाही.

१८ जानेवारी

डॉक्टरबाईंकडे गेले. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक. "तू आजारी नाहीस. बारीक आहेस," म्हणाल्या. वजन बेचाळीस.

मला वाटलं होतं गोळ्या देतील. त्यांनी शाळाच घेतली. एका बैठकीत डोंगर खायचा नाही, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. दूध, अंडी, केळी, दाणे, बटाटे, लोणी. जेवणाआधी पाणी ढोसायचं नाही, भूक मरते. जेवण चुकवायचं नाही. झोप पुरी घ्यायची. आणि व्यायाम!

"व्यायाम? अहो, मला वाढवायचंय, घटवायचं नाही!"

"नुसतं खाल्लंस तर पोट तेवढं सुटेल आणि हातपाय काड्यांचे काड्याच राहतील. वजनं उचल. पाण्याच्या भरलेल्या बाटल्याही चालतील. आणि घाई करायची नाही. महिन्याला किलोभर वाढलं तरी भरून पावलं म्हणायचं."

महिन्याला किलोभर! त्या वेगाने मी मेपर्यंत फार तर ड्रेसच्या अस्तरापर्यंत पोचेन.

१९ जानेवारी

खाल्लं. खाल्लं. खाल्लं.

२७ जानेवारी

उंटाला आज सगळं सांगितलं. (लग्न त्याच्याशीच. उंचीमुळे उंट. बेकरीत कामाला. दिवसभर लोण्यापावात उभा आणि स्वतः काडी! आम्ही दोघं रस्त्याने निघालो की एका काडेपेटीतले वाटतो.) म्हणाला, "मला तू आहेस तशी चालतेस."

"चालतेस? मी काय सायकल आहे?"

बिचारा घाबरला. मग म्हणाला, "आवडतेस म्हणायचं होतं." आणि तरीही जाताना लोण्याचे पाव ठेवून गेला. त्याला कळलंय. हे त्याच्यासाठी नाहीच, हेही कळलंय. गुणी आहे.

६ फेब्रुवारी

मूर्ख मी. वजन अर्धा किलोही हललं नाही म्हणून बाजारातून वजन वाढवायची पावडर आणली. डब्यावर एका पैलवानाचा फोटो. दिवसातून दोनदा घ्या असं लिहिलेलं, मी चारदा घेतली. दोन दिवस पोट धरून पडून आहे. होतं ते वजनही गेलं! चौबेजी छब्बे व्हायला गेले आणि दुबे होऊन परतले, तसं झालं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "कोणासाठी एवढी घाई?" मी म्हटलं, "आईसाठी." त्यांना वाटलं आई मागे लागलीय. म्हणाल्या, "आईला सांग, लेक ठणठणीत आहे."

सांगते हं.

१५ फेब्रुवारी

पुन्हा सुरुवात, शहाण्यासारखी. दुकानात खाऊचा डबा मशीनच्या पायाशी. एक पँट आखूड केली की मूठभर दाणे. एक चेन बदलली की केळं. मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या कोटाला लोण्याचा डाग दिसला तर तुलाच घालीन तो कोट."

२ मार्च

बाबांनी आज स्वयंपाकघरात मला तिसरं अंडं खाताना पकडलं.

"काय गं, दुष्काळातून आलीस का?"

मी तोंड भरलेलं असताना मान हलवली. ते हसले, माझ्याकडे बघत राहिले. "तुझी आई पण..." म्हणाले आणि थांबले. मी चावायचीही थांबले. पण ते खिडकीकडे वळले आणि चहा मागितला.

आई पण काय? आई पण अशीच दाबून खायची, हेच असणार. उगाच का ती तशी भरलेली होती! एक वाक्य बाबांनी पुरं केलं असतं तर काय बिघडलं असतं. मला तिचं काहीही चालेल. ती घोरायची म्हणाले तरी चालेल.

३ मार्च

टोपलीत आज दुप्पट केळी. बाबांनीच आणलेली.

१९ मार्च

एक किलो! वजनकाट्यावरून उतरून परत चढले. खरंच एक किलो!

७ एप्रिल

काकूंनी आज जिन्यात थांबवून गाल ओढला. "अगं, तू तर बाळसं धरलंस!" बाळसं! या वयात! पण रागच आला नाही. जिने चढताना धापही लागत नाही आताशा. बाटल्या उचलून उचलून दंडावर बेडकी येते. उंटाला दाखवली. त्याने स्वतःची दाखवली. माझी मोठी आहे.

२८ एप्रिल

सेहेचाळीस. डॉक्टरबाई खूश. मी खूश नाही. ड्रेस घालून बघितला. छातीत जेमतेम फरक. कमरेत मूठ जाते, आणि मुठीनंतर कोपरही.

विचारलं, "अजून किती चढेल?"

"तुझी चणच बारीक आहे. हे तुझं वजन. भूक लागते, झोप लागते, दम लागत नाही. आता आणखी कशाला ओढाताण करतेस?"

त्यांचं बरोबर आहे. म्हणून तर वाईट वाटतं. चुकत असतं तर सुधारलं असतं. मी चार महिने जीव तोडून आईकडे चालले, आणि कळलं की रस्ता तिथवर जातच नाही.

१२ मे

दाणे खाल्ले. सवयीने. चव लागली नाही.

२१ मे

लग्न आठवड्यावर आलं. काल उंटाने विचारलं, "दुसरा काही घालशील का?" म्हटलं, "नाही." त्याने परत विचारलं नाही.

ड्रेस दुकानात नेला. मालकीणबाईंसमोर ठेवला आणि म्हटलं, "आवळायचाय." त्या म्हणाल्या, "मी करू?" म्हटलं, "नको. आईचा आहे. मीच करते."

अस्तर उसवलं. कुशीची शिवण उघडली. आणि मी बघतच राहिले. आत माया जवळजवळ नाहीच! शिवण पार कापडाच्या काठावर मारलेली. आणि ती फिकट रेघ? घडीची नव्हे ती. सुईची भोकं! एकाखाली एक, सरळ रांग. जुनी शिवण. दुसऱ्या कोणाचा कपडा असता तर पहिल्या नजरेत ओळखली असती, रोज दहा बघते. आईचा होता म्हणून मी घडी समजले!

म्हणजे हा ड्रेस मुळात एवढा नव्हताच. आधी बारीक शिवला, मग होती तेवढी सगळी माया सोडून मोठा केला.

जुन्या रेघेवर टाचण्या लावल्या, आत जाऊन घातला. छाती, कंबर, सगळं बरोब्बर! मालकीणबाईंनी एक टाचणीही हलवली नाही. जानेवारीत तो या मापातही माझ्यावर लोंबकळला असता. चार किलो वाया गेले नाहीत.

म्हणजे आईसुद्धा आधी माझ्यासारखीच होती! काडी! मला नाचावंसं वाटलं, पण टाचण्या होत्या. आणि पाठोपाठ रागही आला. तिला जमलं, मग मला का नाही? तिने असं काय खाल्लं?

मालकीणबाईंनी दुसरी बाजूही उघडून बघितली. कमरेशी बोट फिरवलं, माझ्याकडे बघून हसल्या. "काय खाल्लं ते घरी विचार," म्हणाल्या.

जुन्या रेघेवरच शिलाई मारली. उद्या घालून घरी जाणार. लग्नापर्यंत आता माझ्याने थांबवत नाही.

२२ मे

बाबांनी दार उघडलं आणि मला आईच्या नावाने हाक मारली. मग दार धरून उभेच राहिले. आज त्यांनी चहा मागितला नाही. मी विचारलं, "बाबा, तिने काय खाऊन अंग धरलं हो?"

"खाऊन? अगं, ती जन्मभर तुझ्यासारखीच होती, फुंकर मारली तर उडेल अशी. तू पोटात होतीस म्हणून सोडवून घेतला तो ड्रेस. पहिल्यांदा घातला तेव्हाच मी फोटो काढला. लाजली आणि पिशवी धरली पुढे."

फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतलाय. आमच्या दोघींचा आहे तो.