पुलापलीकडचे फटाके

मॅसॅच्युसेट्स, १२ जून

प्रिय लोरेनला ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून लिहिते. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, यंदाही सगळं गणगोत तुझ्याच अंगणात जमणार, असं मुलांकडून कळलं. साहजिकच आहे! आठ मैलांवर तुझं न्यू हॅम्पशायर. तिथे दुकानात वयाचा दाखला दाखवला की बाण, भुईनळे हवे तेवढे. आमच्या राज्यात साधी फुलबाजी बाळगली तरी गुन्हा. म्हणजे वर्षभर बाबांची औषधं, पथ्यं, मोजे मी बघायचे आणि एका संध्याकाळी चार बाण उडवून लाडकी तू व्हायचं.

यंदा मात्र बाबा इथेच थांबतील. त्यांचे गुडघे दुखतात.

लोभ आहेच, जरा रुसलेला.

तुझी क्लोडेट

न्यू हॅम्पशायर, १९ जून

ती. ताईस लोरेनचा सा. न.

पत्र मिळालं. गुडघ्यांचं समजलं, पण बाबा फोनवर वेगळंच म्हणाले. “लोरेन, तुझ्या गावाने फटाक्यांवर बंदी घातली म्हणे, मग येऊन काय करू?” राज्याची मुभा असली तरी गाव बंदी घालू शकतं, हे खरं. पण आमच्या गावसभेत तो ठराव पडला. बाबांना हे कुणी सांगितलं, ते मी विचारत नाही.

तुला ते तीनशे चौसष्ट दिवस मिळतात, ताई. सकाळची कॉफी, बेसबॉलवरची कुरकुर, सगळं. मी एक संध्याकाळ मागते.

आणि इथून फटाके न्यायचा बेत असेल तर सोड. पावती इथली असली तरी हद्दीवरचा पूल ओलांडून तुमच्या राज्यात शिरलं की माल बेकायदा.

राग असू दे, पण पत्र पाठव.

तुझी लोरेन

मॅसॅच्युसेट्स, ६ जुलै

लोरेन,

आज आशीर्वाद लिहायचं मन होत नाही.

तीन तारखेला दुपारी मी आणि बाबा तुमच्या हद्दीतल्या दुकानात गेलो. हो, तू बजावूनही. बाबांनी स्वतः निवडून दोन खोकी घेतली. पूल ओलांडताच पोलिसांनी बाकीच्या गाड्या सोडून नेमकी माझी अडवली आणि थेट डिकी उघडायला लावली. बाबा काठी टेकत उतरले आणि सांगू लागले की हे सगळं माझं आहे, मुलीला काही माहीत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने जन्मात कधी सिग्नल तोडला नाही!

माल जप्त झाला, दंड माझ्या नावावर लागला. चार तारखेला बाबा खोलीबाहेर आलेच नाहीत.

माझ्या गाडीचा नंबर त्यांना कुणी दिला?

क्लोडेट

न्यू हॅम्पशायर, १० जुलै

ती. ताईस,

मीच दिला.

दूध आणायला निघाले होते, तेव्हा दुकानाच्या काचेतून तुम्ही दिसलात. बाबा तुझ्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. वाटलं, आता माझ्याकडेच येतील. धावत घरी जाऊन कॉफी ठेवली. तुम्ही आलाच नाहीत. दुकानापासून माझं घर दोन मिनिटांवर, ताई! रागाच्या भरात तुमच्याकडच्या पोलिसांना फोन करून गाडीचा नंबर सांगितला. माल जाईल एवढंच डोक्यात होतं. बाबा खाली उतरतील, हे नव्हतं.

चार तारखेला माझ्या अंगणात बाण उडाले, मुलं ओरडली. मी स्वयंपाकघरात बसून होते.

बाबांना सांगायचं की नाही, तू ठरव.

लोरेन

मॅसॅच्युसेट्स, १५ जुलै

प्रिय लोरेनला,

आशीर्वाद पुन्हा सुरू केले आहेत. एकदम सगळे मागू नकोस.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मग माझंही सांगून टाकलं. बंदीची थाप मीच मारली होती. आणि दुकानातून निघताना बाबा तुझ्याकडे जाऊ म्हणाले, तेव्हा तू घरी नाहीस, हेही मीच सांगितलं होतं.

बाबांनी तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले की साठी उलटलेल्या दोन पोरी एका म्हाताऱ्यापायी पोलिसांपर्यंत जातात. तुमची आई असती तर दोघींना कोपऱ्यात उभं केलं असतं. आणि आता महिनाभर तुझ्याकडे राहणार, असा हुकूम सोडला.

रविवारी घेऊन येते. संध्याकाळची गोळी ते जिभेखाली लपवतात; गिळेपर्यंत समोरून हलू नकोस. बॅग भरताना मला रडू आलं. ते मात्र शीळ घालत होते.

मी इथे बसून तुझा हेवा करीन. त्याची मला चांगली सवय आहे.

तुझी ताई