बारीक बोट, जाड बोट आणि मागची खोली

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा. डावा आता कसा आहे? उजव्याची मुद्दाम चौकशी करत नाही, तो लगेच डोक्यावर चढतो. व्याह्यांचा खोकला थांबला असेल (नसेल तर त्यांना फार बोलू देऊ नका, म्हणजे तुम्हालाही आराम). तुमचं पत्र पोचलं. माझ्यासाठी मागची खोली रिकामी करून रंगही दिलात, हे वाचून भरून आलं. रंग राखाडी आहे असं लिहिलंत. असू दे, या वयात चालतो.

आता इकडची हकीकत सविस्तर लिहिते, कारण तुमची लेक फोनवर ‘सगळं छान’ एवढंच सांगते. माझा मुलगा लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. वीस वर्षं वरखाली करून कंटाळला, आता त्याला आडवं जायचंय. तुमची लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिला लांबचं फार स्वच्छ दिसतं. जवळचं, म्हणजे सासूबिसू, जरा पुसट. तर दोघांनी ठरवलं की एक जुनी शिडाची बोट घ्यायची, घर भाड्याने द्यायचं आणि बोटीवर राहायचं. त्याच बोटीने रविवारच्या शर्यती जिंकायच्या, तिच्यातूनच दोन-दोन महिने लांब जायचं आणि तिच्यातच कपडे वाळत घालायचे. एकीनेच पळावं, राबावं आणि वर घरही सांभाळावं ही अपेक्षा आपल्याला नवी नाही, बोटीला नवी असेल.

धक्क्यावरच्या दलालाकडे अशा दोन बोटी निघाल्या. एक बारकी, शर्यतीची. दुसरी जाडी, आरामाची. दलाल माझ्या मुलासमोर बारकीची स्तुती करायचा, सुनेसमोर जाडीची, आणि मला म्हणायचा, “आजी, तुम्ही सावलीत बसा.” (मी उन्हातच उभी राहिले.)

दोन्ही पाहिल्या तरी कुठली घ्यायची ते ठरेना. मग तुमच्या जावयाने डोकं चालवलं. आमच्या हॉलच्या फरशीवर चिकटपट्टी लावून दोन्ही बोटींचे नकाशे काढले, खरोखरच्या मापाचे, आणि चार दिवस एकीत, चार दिवस दुसरीत राहून बघायचं ठरलं. छत किती खाली असेल ते कळावं म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या. माझी खाट नेमकी समुद्रात गेली. मला पाणी हवं असलं तर मी समुद्रातून हाक मारायची आणि त्यांनी बोटीतून तांब्या द्यायचा.

बारकीत मुलगा चार दिवस वाकून वावरला, मान अजून सरळ झालेली नाही. स्वयंपाकाला एक शेगडी, भांडी घासायची जागा परातीपेक्षा लहान, आणि संडास पडद्याआड (तो तेवढा आम्ही कल्पनेवर भागवला). दुसऱ्या सकाळी तुमची लेक कामाला उशीर झाला म्हणून पट्टी ओलांडून थेट दाराकडे निघाली. हा म्हणाला, “तू भिंतीतून गेलीस, बुडालीस.” ती म्हणाली, “बरं झालं,” आणि बुडालेलीच कामावर गेली. संध्याकाळी ती परतल्यावर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. तेवढ्या जागेत अबोला धरायचा म्हणजे कोपर तरी लागतोच.

जाडीत मात्र माणूस ताठ उभा राहतो. शेगड्या दोन, त्याही झुलत्या, म्हणजे बोट कलली तरी दूध सांडत नाही. झोपायला फळ्या चार. दोष एकच, ती हलत नाही. दलालाने आम्हाला तिच्यातून फिरवून आणलं (मी आपली पिशवी धरायला गेले होते). दोन तासांत दीपस्तंभ होता तिथेच राहिला. शर्यतीत उतरली तर बाकीचे पोचून, जेवून, आंघोळ करून घरी जातील तेव्हा ही निघाली असेल.

दलाल म्हणाला, शीड अगदी नवं आहे. मी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. मोठ्याची पँट उसवून धाकट्याला नवी म्हणून घातलेली मला फाटकापासून ओळखू येते. शिवण उलटून पाहिली, तर नव्या दोऱ्याशेजारी जुन्या टाक्यांची भोकं. त्याने घसा खाकरला आणि “आमचा माणूस नीट करून देईल” म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या माणसाचा हातसुद्धा लागता कामा नये.

शेवटी जाडीच ठरली. शर्यतींचं बघू म्हणाले, म्हणजे नाहीच. रविवारी कागदावर सह्या आणि एक तारखेला भाडेकरू येणार. मलाही “आई, तुम्ही पण चला ना” असं रीतसर विचारलं, एकदा चहा घेताना, एकदा धक्क्यावर. मी दोन्ही वेळा साफ नाही म्हटलं. पाण्यावर डुलत बसायला मी काय बदक आहे? तेव्हा माझा मुक्काम तुमच्याकडेच, किती वर्षं ते देवाला ठाऊक.

व्याह्यांना नमस्कार सांगा.

तुमची विहीण

ता. क. इथवरचं व्याह्यांना वाचून दाखवा, पुढचं नको. विहीणबाई, आपल्या वयाच्या बायका पहिल्यांदा नाही म्हणतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा सवय म्हणून, आणि तिसऱ्यांदा हो म्हणतात. तुमच्या लेकीने दोनदा विचारलं, वहीत ‘आई: नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. समोरच्याने नाही म्हटलं की नाहीच समजावं, हे वळण तुमचं; तेव्हा दुरुस्तीही तुम्हीच करा. खरं सांगते, त्या बोटीवर दोन तास मला माझं वय आठवलं नाही. मला जायचंय. रविवारच्या आत तिला फोन करून म्हणा, सासूबाईंना अजून एकदा विचार. मी लिहिलंय हे कळू देऊ नका.

ता. क. २. नाहीच विचारलं तर एक तारखेला येतेच. मला पहाटे चारला शिवायला बसायची सवय आहे, आणि तुमच्या घराच्या भिंती पातळ आहेत असं ऐकून आहे.

ता. क. ३. चार फळ्या वाचून तुम्हीही निघायचं मनात आणू नका. चौथीवर माझं मशीन बसतं. मी मोजून आले आहे.