पाणी अजून तयार नाही

२ मार्च, रविवार. स. ६.५०
पाणी २४.५. लाटा मध्यम. आजपासून नोंद रीतसर.
शीतगृहात बत्तीस वर्षं तापमानाचं रजिस्टर ठेवलं, अर्धा अंश कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. समुद्र म्हणजे तरी काय, मोठं कोल्ड स्टोरेजच. फक्त दार नाही. थर्मामीटर मात्र बदकाचा आहे. पिवळं प्लॅस्टिकचं बदक, पोटात काचेची नळी. लेक तान्ही असताना तिच्या अंघोळीचं पाणी यानंच बघायचो. अजून अचूक.

संध्या. ७.१५
लेकीचा फोन. दर रविवारी असतो. आज अकरा मिनिटं. पाणी कसं आहे, असं विचारलं. थंड, म्हणालो. सुट्टीत बारकीला घेऊन यायचं म्हणतेय. बारकी म्हणजे नात, वय सात. ती मागून ओरडत होती की आजोबा मला पोहायला शिकवणार!
चूक माझीच. ही गेली त्यानंतर लेक सारखी म्हणायची, एकटे काय करता दिवसभर, इकडे या राहायला. म्हणून ठोकून दिलं की रोज पोहतो. आता शिकणं आलं. सुट्टीला जवळजवळ दोन महिने आहेत. ढीग झाला.

३ मार्च
पोहण्याचा अनुभव तसा तीस वर्षांचा. काठावरून. ही रोज पोहायची, मी टॉवेल आणि तिच्या चपला धरून उभा. थिअरी पक्की आहे. फक्त उतरायचं राहिलंय. २७ अंशांना उतरणार. त्याखाली स्नायू आखडतात.

११ मार्च
पाणी २५. पोहायची चड्डी आणली. माझ्या मापाची एकच होती, तिच्यावर पोपट. सतरा पोपट. दुकानदार म्हणाला, तुम्हाला शोभते. खोटारडा.

१९ मार्च. दु. ४
स्टुलावर पोट टेकून हातपाय मारण्याचा सराव. वीस मिनिटं ठरवली, चार झाली. खालच्या मजल्यावरचे दार वाजवून विचारून गेले, काही पडलं का. हो, स्टूल, असं सांगितलं. मी पडलो हे सांगायची गरज नव्हती.

३० मार्च, रविवार
पाणी २६. लेकीनं विचारलं, तिकिटं काढू का? थांब, म्हणालो. पोरीला सर्दी झाली म्हणजे? ती बरं म्हणाली. जीव भांड्यात पडला.
फोन आठ मिनिटं.

१२ एप्रिल
पाणी २७! मोठा दिवस. चड्डी घालून, वरून पँट घालून गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आधीच पाण्यात. वय पंचाहत्तर, रोज पोहतात. भाऊ, त्या बदकाला काय विचारता, आत या की, असं ओरडल्या. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अशा वातावरणात काही शिकता येत नाही.
शिवाय विचार केला, की २७ ही मर्यादा माझ्या शरीरासाठी होती. लहान मुलासाठी २८ हवं. बदकावर तर ३७ ला लाल खूण आहे. मी तेवढा हट्ट धरत नाही.

१४ एप्रिल
किनाऱ्यावरचा जीवरक्षक (मी त्याला शिट्टीवाला म्हणतो) स्वतःहून जवळ आला. काका, आठ दिवसांत शिकवतो, म्हणाला. मी पोहायला शिकायला आलोय असं याला कोणी सांगितलं? मी तापमान बघायला येतो, असं स्पष्ट बजावलं. तो म्हणाला, ते फळ्यावर रोज लिहितो की मी.
फळा पाहिला. २७.२ लिहिलंय. माझं २७. कोणाचं चुकतंय ते उघड आहे.

२७ एप्रिल, रविवार
पाणी २८. शाळेला सुट्टी लागली. लेकीनं पुन्हा विचारलं. म्हणालो, पाणी चांगलं आहे पण जेलीफिश आलेत. एक दिसला. मेलेला होता, पण एकटा थोडाच आला असेल!
बारकी फोनवर आली नाही. खेळत होती म्हणे. चार मिनिटं.

११ मे, रविवार
पाणी २८.५. लेकीनं आज पाण्याचं विचारलंच नाही. मीच सांगितलं. हं, म्हणाली. वारा फार आहे, पुढच्या आठवड्यात नक्की कळवतो, असंही सांगितलं. बघू, म्हणाली.
दोन मिनिटं. नेटवर्क खराब असावं.

२० मे. स. ६
आज उतरलो. गुडघ्यापर्यंत. झकास वाटत होतं. मग एक लाट आली आणि मी बसलो. म्हणजे बसायचं नव्हतं. आजींनी बखोटीला धरून उठवलं. नाकातोंडात पाणी, पोपट सगळे वाळूत. शिट्टीवाल्यानं शिट्टी वाजवली नाही, एवढी मात्र माणुसकी.
प्रगती आहे. उद्यापासून मांडीपर्यंत.

२१ मे
कंबर धरली. विश्रांती.

२५ मे, रविवार. रात्री ८
फोन आला नाही. तीनदा रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू आहे. मोबाइलही चार्ज आहे. कामात असेल. मी केला असता, पण रविवारचा फोन तिचा असतो. पद्धत मोडू नये.
घर फार गप्प आहे. रेडिओ लावला.

१ जून, रविवार
लेकीनं व्हिडिओ पाठवला. पोहण्याच्या तलावात बारकी. डोक्यावर लाल टोपी. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मध्ये कुठे धरलं नाही. तीन आठवड्यांत शिकली. तिथल्या बाई शिकवतात.
पाच वेळा पाहिला. पाय जरा वाकडे मारते. ही पण तसेच मारायची.

८ जून, रविवार. संध्या.
मीच फोन केला. आधी म्हणालो, पाणी आज एकोणतीस आहे. माहीत आहे, म्हणाली. मोबाइलवर रोजचं दिसतं म्हणे. एप्रिलपासून बघत होती.
मग सांगून टाकलं की मला पोहता येत नाही.
ती म्हणाली, बाबा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई म्हणायची, तुझे बाबा बादलीला पण विचारून हात घालतात.
मग पाणी कसं आहे असं का विचारायचीस, विचारलं. ती म्हणाली, आम्ही पोहायला कुठे येत होतो? तुमच्याकडे येत होतो. तुम्ही दर वेळी नको म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला घरात गडबड नको असेल.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. असं नव्हतं गं, एवढंच म्हणता आलं. आता या, म्हणालो, पाणी कसंही असू दे. तर उद्यापासून शाळा सुरू. पुढच्या सुट्टीत बघू, म्हणाली.
सव्वीस मिनिटं बोललो. बारकी पण बोलली. तिनं विचारलं, आजोबा, मी शिकवू का तुम्हाला? हो म्हणालो.

९ जून. स. ६.४०
पाणी २९. वारा नाही, लाटा नाहीत, जेलीफिश नाहीत. सगळ्या मोसमात इतकं चांगलं पाणी झालं नव्हतं. बदक घरीच राहिलं, फळ्यावरून लिहून घेतलं.
आजी पोहायला निघाल्या. माझ्या हातात टॉवेल दिसला म्हणून आपल्या चपलाही माझ्याकडे देऊन गेल्या. धरून उभा राहिलो.